सभेत उभे राहण्याची तयारी

गणेशोत्सवाचे वेध लागले की आपल्या पुरानी बस्तीतील मराठी घरांतून दोन प्रकारच्या पाठांतराचे आवाज ऐकू येऊ लागतात. एक आरतीच्या पाठांतराचा आणि दुसरा भाषणाच्या पाठांतराचा. वक्तृत्व स्पर्धेचे विषय फलकावर लागले की दोन दिवसांत आई-बाबांपैकी कोणीतरी मोबाइलवरून एक भाषण शोधून काढते, वहीत उतरवून देते आणि मग शाळेतून आल्यावर रोज संध्याकाळी मुलाची घोकंपट्टी सुरू होते. "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी वेगात येते. पुढे एखादे वाक्य आठवले नाही की सिग्नल लाल! मूल आईकडे बघते, आई ओठ हलवते, सभागृह कौतुकाने टाळ्या वाजवते आणि गाडी पुढे निघते.

मुलांची थट्टा करण्याचा हेतू नाही. शंभर माणसांसमोर चार मिनिटे उभे राहणे सोपे नसते, हे रेल्वेत पंचवीस वर्षे नोकरी करून, सुरक्षा सेमिनारमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडणाऱ्या माझ्यासारख्याला चांगले माहीत आहे. परंतु पूर्वीची मुले सभेत बोलण्याची तयारी कशी करीत असत, याविषयी काही पुस्तके चाळली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आज आपण जिला तयारी म्हणतो आणि त्या काळी जिला तयारी म्हणत, त्यांत मोठे अंतर पडले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

एल्फिन्स्टनची मुले

महाराष्ट्रात व्यासपीठावरून बोलणे नवीन नव्हते. कीर्तनकार होते, पुराणिक होते, प्रवचनकार होते. पण ते अधिकारी पुरुष. शाळेत शिकणाऱ्या मुलाने उभे राहून स्वतःचे मत मांडावे आणि इतरांनी ते खोडून काढावे, ही पद्धत आपल्याकडे रुजली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. तेथील विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. याच संस्थेच्या मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते.

या सभांची रीत साधी होती. एकाने विषय घ्यायचा, अभ्यास करून निबंध लिहायचा, सभेत वाचायचा. त्यानंतर इतरांनी चर्चा करायची. धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य होते. राहिलेले सगळे जग मोकळे होते. मराठी सभेतील निबंधांना पुढे 'मराठी ज्ञानप्रसारक' या १८५० मध्ये सुरू झालेल्या मासिकात जागा मिळू लागली. म्हणजे बोलण्याआधी लिहिणे आले, लिहिण्याआधी वाचणे आले आणि बोलून झाल्यावर टीका ऐकून घेणे आले. टाळ्या हा त्यातला फार लहान भाग होता.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. ही मंडळी बोलून थांबली नाहीत. स्त्रीशिक्षणावर चर्चा झाली आणि १८४९ मध्ये याच सोसायटीने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. आरंभी सदस्य स्वतःच आपला वेळ देऊन, पगार न घेता तेथे शिकवीत. भाषणात सांगितलेले दुसऱ्या दिवशी करून दाखवायचे आहे, हे माहीत असले की माणूस शब्द जपून वापरतो.

पुण्यातल्या एका मुलीची वही

याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांतून मुली शिकू लागल्या होत्या. त्या काळी शाळेच्या परीक्षा जाहीर होत. मुलींना लोकांसमोर उभे राहून उत्तरे द्यावी लागत आणि ते पाहायला लोक गर्दी करीत. आजच्या स्नेहसंमेलनापेक्षा ती कसोटी कठीण होती, कारण जमलेल्यांपैकी अनेकांना मुलींनी शिकणेच मान्य नव्हते.

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. तिची शिकण्याची वर्षे जेमतेम तीन. पण त्या निबंधात उसने घेतलेले काही नाही. बाळंतपणाच्या वेळी आपल्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले, कारण ते तिच्या वस्तीतले होते. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही, तर आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने देवालाच घातला. मोठमोठ्या पंडितांना त्याचे उत्तर देणे जड गेले असते. मुलांना आपण सांगतो की भाषणात सुविचार घाला, शेर घाला. या मुलीने घरच्या ओसरीवर दिसलेले घातले. तिचा निबंध आज पावणेदोनशे वर्षांच्या घरात आला तरी वाचला जातो.

श्रीरामपूरचे व्याख्यान

आता आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना जवळची वाटेल अशी हकिकत सांगतो. आमच्या मुंबई-हावडा मार्गाच्या त्या टोकाला, हावड्यापासून वीसेक किलोमीटरवर श्रीरामपूर नावाचे गाव आहे. तेथे १८८३ मध्ये एक मराठी जोडपे राहत होते. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला आणि पत्नी आनंदीबाई. बदलीची नोकरी असल्याने अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे करीत ते बंगालपर्यंत आले होते. बदलीची नोकरी म्हणजे काय, हे आपल्यातील रेल्वे कुटुंबांना समजावून सांगायला नको.

आनंदीबाईंनी अमेरिकेत जाऊन डॉक्टर व्हायचे ठरवले आणि गहजब उडाला. बाई, तीही ब्राह्मण, एकटी समुद्र ओलांडणार! ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच विषय. तेव्हा त्यांनी सर्वांना एकदाच उत्तर द्यायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, म्हणजे त्या दिवशी अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आजच्या हिशेबाने बारावीतली मुलगी.

या भाषणाची मांडणी प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. लोक आपल्याला कोणते प्रश्न विचारतात, ते त्यांनी आधी गोळा केले. ते सहा भरले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकटीच का जाणार? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तेथे काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? मग एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिले. स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती गरज आहे, हे सांगितले. येथे शिकू पाहणाऱ्या बाईला रस्त्याने चालतानाही कशी हेटाळणी सोसावी लागते, याचे स्वतःचे अनुभव सांगितले. आपला आहार-पोशाख आपण बदलणार नाही आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही स्पष्ट केले.

त्यांचे स्वतःचे दहा दिवसांचे मूल गेले होते, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. स्त्री डॉक्टर हवी, हा मुद्दा त्यांनी कोठून आणला, हे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर दीड महिन्याने, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

वाचकहो, आपण मुलाला म्हणतो, "तुझे मुद्दे लिही." आनंदीबाईंनी समोरच्याचे मुद्दे आधी लिहिले. माझ्या मते भाषणाच्या तयारीचे अर्धे रहस्य यातच आहे.

आपल्या रायपूरचा एक विद्यार्थी

आता घराजवळ येऊ. १८७७ मध्ये कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहायला आले आणि त्यांच्यामागून कुटुंब आले. थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा. रायपूरला त्या वेळी रेल्वे नव्हती. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि नागपूर ते आसनसोल हा तिचा मुख्य मार्ग १८९१ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यामुळे दत्त कुटुंबाला बराचसा प्रवास जंगलातून बैलगाडीने करावा लागला. हाच मुलगा म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. आपल्या बूढा तालाबाला त्यांचे नाव देण्यात आले आहे आणि तेथे त्यांचा भव्य पुतळा आहे, हे आपण सर्व रोज येता-जाता पाहतो.

चरित्रकार सांगतात की रायपूरच्या त्या दिवसांत नरेंद्र शाळेत जात नव्हता. वडिलांकडे विद्वान मंडळी येत, त्यांच्या चर्चा चालत आणि वडील मुलाला त्यात बसवून घेत, बोलू देत, वाद घालू देत. मोठ्या माणसांपुढे आपले म्हणणे मांडायचे आणि चूक दाखवली तर ऐकायचे, ही त्याची शाळा होती. १८७९ मध्ये कुटुंब कोलकात्याला परतले. नरेंद्र पुन्हा मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये जाऊ लागला. त्या शाळेतील एक शिक्षक निवृत्त होत होते. निरोप समारंभाला अध्यक्ष म्हणून साक्षात सुरेंद्रनाथ बॅनर्जी, त्या काळचे नामांकित वक्ते! त्यांच्यासमोर बोलायला कोणी मुलगा धजेना. तेव्हा नरेंद्र उठला आणि सुमारे अर्धा तास इंग्रजीत बोलला. सुरेंद्रनाथांनी त्याचे कौतुक केले.

पुढे ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्यांची छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती आणि सकाळच्या सत्रात बोलण्याचे धाडस झाले नाही, हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे, ते मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवे. भीती विवेकानंदांनाही वाटली, तर सातवीतल्या मुलाला वाटली म्हणून काय बिघडले!

मसुदा पुन्हा लिही!

पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू करून व्याख्यान ऐकण्याची सवय लोकांना लावली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. १८९३-९४ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने मंडपात व्याख्याने होऊ लागली. आपल्या मंडपातील वक्तृत्व स्पर्धा याच परंपरेतली.

रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण येथे मुद्दाम देतो, कारण गोखले हे पाठांतराचे धनी होते. तरुणपणी इंग्रजी ग्रंथांतील उताऱ्यांमागून उतारे त्यांनी मुखोद्गत केले होते. तेव्हा पाठांतर वाईट असे मी म्हणत नाही. त्याने कान तयार होतो, जिभेला वळण लागते. पण गोखल्यांची स्वतःची भाषणे पाठ केलेल्या उताऱ्यांवर उभी राहिली नाहीत. रानडे त्यांच्याकडून मसुदे काटेकोरपणे तपासून, पुन्हा पुन्हा लिहवून घेत. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला जाण्यापूर्वी गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेशास्त्राच्या जाणकाराने त्यांची तयारी करून घेतली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलले तेव्हा सरकारचीच शिल्लक त्यांनी सरकारवर उलटवली. तिजोरीत शिल्लक दिसते, ती प्रजा सुखी असल्यामुळे नव्हे तर करांचा बोजा गरजेपेक्षा जास्त असल्यामुळे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

आम्ही डिप्लोमावाले पहिल्या वर्षी ड्रॉइंग शिकलो तेव्हा दुसऱ्याची शीट खाली ठेवून काच आणि दिव्याच्या साह्याने उतरवून काढण्याची कला वसतिगृहात प्रसिद्ध होती. शीट सुंदर येई. तोंडी परीक्षेत "ही रेघ येथे का?" असे विचारले की भल्याभल्यांची बोलती बंद. उसन्या भाषणाचे तसेच असते. स्पर्धेत परीक्षकांनी मुलाला एकच प्रश्न विचारावा, "हे तू का म्हणालास?"

यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना पुण्याला वक्तृत्व स्पर्धेसाठी गेले होते. तेथे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर बोलायचे होते. ते ग्रामसुधारणेवर बोलले आणि पहिले आले. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण दिली आहे. खेड्यातून आलेल्या मुलाने खेड्यावर बोलायला वेगळी तयारी काय करायची? ती आयुष्यभर चाललेलीच होती.

प्रश्न आपल्या मराठीचा

हे सर्व सांगण्याचे कारण आता सांगतो. रायपूरमध्ये आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मित्रांशी हिंदीत, भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलतात. मराठी उरते ती घरात आणि वर्षातून एकदा मंडपाच्या व्यासपीठावर. म्हणून व्यासपीठावरच्या त्या चार मिनिटांना फार किंमत आहे. त्या चार मिनिटांत मूल पुण्या-मुंबईच्या कोणीतरी लिहिलेली, स्वतःला न समजलेली मराठी बोलणार असेल, तर त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते. मराठी ही पाठ करायची भाषा आहे, विचार करायची नव्हे!

दुसरी बाजूही आहे. एखादे मूल स्वतःहून बोलू लागले आणि घरच्या वळणाने "मी जाऊन राहिलो होतो" किंवा "काहून" म्हणाले, की पुढच्या रांगेत हशा पिकतो आणि भाषाशुद्धीचे गुण कापले जातात. नागपूरकडून आलेल्या आपल्या घरांची ही बोली आहे. आजी-आजोबा तीच बोलले. ज्याला हसतात ते मूल पुढच्या वर्षी नाव देत नाही, आणि दिलेच तर पाठ केलेले भाषण घेऊन येते. चूक सुधारावी, पण भाषण झाल्यावर, जवळ बसवून.

भाषांच्या सरमिसळीने आपण दुबळे झालो, असे समजण्याचे कारण नाही. माधवराव सप्रे यांची घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरला. त्यांनी आणि रामराव चिंचोलकरांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. प्रकाशक होते वामनराव लाखे, ज्यांच्या नावाचे लाखेनगर आपल्या शेजारीच आहे. सप्र्यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले आणि १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. दोन्ही भाषांत त्यांचे पाय घट्ट होते, कारण दोन्हींत ते विचार करीत. आपल्या महाराष्ट्र मंडळाची परंपराही १९३५ पासूनची आहे. श्रोत्यांची, व्यासपीठाची आपल्याकडे उणीव नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि पालकांना काही सूचना कराव्याशा वाटतात. विषय जवळचे द्यावेत. कंकाली तालाब, दूधाधारी मठ, महामाया मंदिर, गांधीजी १९३३ मध्ये ज्या जैतूसाव मठात येऊन गेले तो मठ, आपली आजी रायपूरला कशी आली, असे विषय मोबाइलवर तयार मिळत नाहीत. त्यासाठी मुलाला घराबाहेर पडून कोणाला तरी विचारावे लागेल. विषय पंधरा दिवस आधी द्यावा आणि मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कच्चा मसुदा, खाडाखोडीसकट, स्पर्धेच्या दिवशी सोबत आणावा. व्यासपीठावर कागदावर फक्त पाच-सहा मुद्दे असावेत, म्हणजे एक वाक्य विसरले तर सगळे भाषण थांबणार नाही. प्रत्येक भाषणानंतर परीक्षकांचा एक प्रश्न असावा आणि त्या उत्तराला वेगळे गुण असावेत. घरात आई-बाबांनी भाषण लिहून देण्याऐवजी विरुद्ध बाजू घेऊन मुलाशी वाद घालावा. विश्वनाथबाबूंनी याच गावात मुलाला मोठ्यांच्या वादात बसवून घेतले होते.

अशाने पहिल्या वर्षी भाषणे अडखळतील, लांबी कमी होईल, टाळ्याही कदाचित कमी पडतील. पण एखादी मुलगी आजीकडून ऐकलेली तलावाची हकिकत आपल्या शब्दांत, आपल्या वळणाच्या मराठीत सांगेल आणि परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला क्षणभर थांबून स्वतःचे उत्तर देईल. त्या क्षणभराच्या थांबण्याला आपण सर्वांनी धीर धरून जागा द्यावी, आईने ओठ हलवू नयेत, एवढीच विनंती.

विद्येची आणि वाणीची देवता असलेल्या श्रीगणरायाने आपल्या मुलांना स्वतःचे बोल द्यावेत, ही त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!